चिकट डाग जावा, चकाकी राहावी

गणपती, दिवाळी, वाढदिवस आटोपले की घरोघरी तेच प्रश्न सुरू होतात. कपाटाच्या शटरवर डबल टेपने लावलेलं तोरण काढलं, पण टेपचा पांढरा फोम तिथेच राहिला. फ्रिजवरचं स्टिकर निघालं, त्याचा गम काही निघेना. नव्या किचनवरची प्लास्टिकची फिल्म वर्षभर तशीच ठेवली. आता ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि मागे चिकट पट्टे सोडते. मग विचारणा होते: सॅनिटायझर चालेल का? नेलपॉलिश रिमूव्हर? सुतार म्हणतो थिनर मारा, मारू का?

याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही. गम कोणता आहे यापेक्षा तो कशावर बसला आहे, हे जास्त महत्त्वाचं असतं. जे नेलपॉलिश रिमूव्हर काचेवरचा गम एका पुसण्यात साफ करतं, तेच ॲक्रिलिकवर कायमचा पांढुरका चट्टा पाडतं. गम आज नाही तर उद्या निघतो. गेलेली चकाकी मात्र बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून कुठलीही बाटली उघडण्याआधी समोरचा पृष्ठभाग नक्की कशाचा आहे, ते ठरवा.

आधी पृष्ठभाग ओळखा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बिल किंवा कोटेशन काढून पाहणं. ते सापडत नसेल तर शटर उघडा आणि त्याची कड नीट बघा. दर्शनी भाग सगळ्याच प्रकारांचा सारखाच चमकतो, फरक कडेला कळतो.

- हाय ग्लॉस लॅमिनेट, म्हणजे आपला सनमायका. साधारण १ मिलिमीटर जाडीचा पत्रा प्लायवर चिकटवलेला असतो. एजबँड (कडेची पट्टी) जिथे संपतो किंवा कोपरा जिथे थोडा झिजला आहे, तिथे पत्र्याच्या आतला तपकिरी किंवा काळपट थर बारीक रेघेसारखा दिसतो. रसायनांना हा पृष्ठभाग बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ओरखडे मात्र लगेच धरतो.
- ॲक्रिलिक. यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आरपार सरळ आणि स्वच्छ दिसतं. रंगाला खोली असल्यासारखी वाटते. दिसायला सर्वांत देखणं आणि रसायनांच्या बाबतीत सर्वांत नाजूक.
- पीयू किंवा ड्युको रंग. शटरच्या कडाही त्याच रंगात रंगवलेल्या असतात, एजबँडची वेगळी पट्टी नसते. प्रकाशाचं प्रतिबिंब किंचित लाटेरी दिसतं. रंगारी त्याला ‘ऑरेंज पील’ म्हणतात. पीयू रासायनिक क्रियेने कडक होतो, त्यामुळे तो पूर्ण वाळल्यावर बराच टिकाव धरतो. जुना ड्युको केवळ थिनर उडून जाऊन वाळलेला असतो. थिनर लागलं की तो पुन्हा विरघळतो, कितीही वर्षांनी.
- मेम्ब्रेन. एमडीएफवर पीव्हीसीची पातळ फिल्म ओढून बसवलेली असते. कडा गोलसर, आणि दर्शनी भागावर खोबणीची नक्षी असू शकते. याचा शत्रू उष्णता. ड्रायर जवळ धरला तर फिल्म आक्रसते, कडेने सुटते.
- लॅकर्ड ग्लास. बोटाला गार लागते, नखाने टिचकी मारली की काचेचा आवाज येतो. रंग मागच्या बाजूला असतो. पुढून गम काढायचं कुठलंही द्रव्य वापरलं तरी चालतं. फक्त द्रव कडेवरून मागे ओघळू देऊ नका.

टीव्हीची काळी चकचकीत चौकट, मिक्सरचं कव्हर, एसीचं पॅनल हे बहुतेक एबीएससारखं प्लास्टिक असतं. त्याला ॲक्रिलिकइतकंच नाजूक माना. टीव्हीच्या पडद्यावर तर या लेखातला एकही उपाय करू नका. त्यासाठी कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली पद्धतच पाळा.

काहीच ओळखू आलं नाही, तर समोर ॲक्रिलिक आहे असं धरून चाला आणि ड्रायरही वापरू नका. तो अंदाज चुकला तरी नुकसान होत नाही, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

हाताशी असलेल्या या गोष्टी बाजूला ठेवा

घरात जे पटकन सापडतं, त्यानेच सर्वाधिक नुकसान होतं.

- हिरवी घासणी, तारेची घासणी, भांड्यांची पावडर, खाण्याच्या सोड्याची पेस्ट. या सगळ्या घासणाऱ्या गोष्टी आहेत. चकाकी म्हणजे गुळगुळीतपणा. तो खरवडला की प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग धुरकट दिसतो. पांढरा ‘मॅजिक’ स्पंजही याच वर्गातला. हाताला मऊ लागतो, पण काम बारीक पॉलिशपेपरचंच करतो.
- ब्लेड, सुरी, स्क्रू ड्रायव्हर. सपाट काचेवर सराईत हाताने ब्लेड चालतं. इतर कुठेही नाही.
- थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल. ॲक्रिलिक, ड्युको आणि प्लास्टिक यांना ही द्रव्यं मऊ करतात किंवा विरघळवतात.
- सॅनिटायझर, डिओचा फवारा, स्पिरिट. यांत अल्कोहोल असतं. काचेवर आणि सनमायकावर ते चालतं. ॲक्रिलिकवर मात्र केसासारखे बारीक तडे जाऊ शकतात. विशेषतः कडेला आणि स्क्रूच्या भोकांजवळ, जिथे पत्र्यावर ताण असतो, तिथे ते आधी दिसतात. ते लगेच उमटतीलच असं नाही. म्हणून ‘मी तर वापरलं, काही झालं नाही’ या शेजारच्या सल्ल्यावर विसंबू नका. स्पिरिट पॉलिश केलेल्या जुन्या लाकडी कपाटावर तर हे थेंबभरही नको, कारण ते पॉलिश लाखेचं असतं आणि स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेलं असतं.
- काच पुसण्याचे फवारे. बाटलीवर अमोनिया किंवा अल्कोहोल लिहिलेलं असेल तर ॲक्रिलिकसाठी तेही वर्ज्य.

व्हिनेगर आणि लिंबाचा रस यांची शिफारस सगळीकडे होते. क्षारांच्या डागांवर ते उपयोगी आहेत. टेपच्या गमवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, आणि संगमरवराला तर ते खातात.

कामाचा क्रम: सौम्यापासून सुरुवात

पुढचा क्रम सगळ्या पृष्ठभागांना लागू आहे. एक पायरी पुरली तर पुढच्या पायरीवर जाऊच नका.

१. आधी धूळ काढा. ओलसर मऊ फडक्याने हलकेच पुसा. धुळीचे कण फडक्याखाली राहिले तर तुम्ही गम काढताना ओरखडेही काढत असता. फडकं मायक्रोफायबरचं किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती पंचाचं घ्या. जुन्या शर्टाचं घेतलं तर बटणं आणि जाड शिवण कापून टाका.

२. ऊब द्या. स्टिकर अजून चिकटलेलं असेल तर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, सतत हलवत धरा. तळहात आरामात टेकवता येईल इतकंच गरम होऊ द्या. मेम्ब्रेनवर आणि प्लास्टिकवर ड्रायर नको. तिथे त्याऐवजी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं दाबून धरा. मग कोपरा नखाने उचला आणि स्टिकर सरळ बाहेर न ओढता त्याच्याच अंगावर उलट दुमडत, पृष्ठभागाला समांतर, सावकाश ओढा. अशा ओढण्याने गम स्टिकरबरोबर निघायची शक्यता वाढते. झटका दिला की वरचा कागद हातात येतो आणि गम तिथेच राहतो.

३. तेल लावा आणि थांबा. उरलेल्या गमवर खोबरेल तेल लावा. सगळ्यांत जास्त लोक चुकतात ते इथेच: तेल लावतात आणि लगेच घासायला घेतात. तेलाला गममध्ये मुरायला वेळ लागतो. उभ्या शटरवर तेल ओघळतं, म्हणून कापसाचा पातळ थर तेलात भिजवून डागावर बसवा आणि वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक शीट दाबा. थंडीत गोठलेलं खोबरेल असेल तर उत्तमच, ते जागचं हलत नाही. वीस मिनिटं ते अर्धा तास तसंच ठेवा. जुना गम असेल तर पुन्हा एकदा. कागदाचा थर वर शिल्लक असेल तर आधी कोमट ओल्या फडक्याने तो फुगवून काढा, नाहीतर तेल गमपर्यंत पोहोचतच नाही.

४. बोटाने वळा. मुरल्यावर अंगठ्याचं पेर डागाच्या कडेकडून मध्याकडे दाबत फिरवा. गम सुटायला लागला की त्याच्या करड्या, बारीक वळ्या होतात. त्या पुसून फडक्याची घडी बदला आणि पुन्हा फिरवा. बोटाने भागत नसेल तर जुनं प्लास्टिक कार्ड मऊ फडक्यात गुंडाळून, अगदी तिरकं धरून सरकवा. गम अजून रबरासारखा ताणला जात असेल तर तेल मुरलेलं नाही असं समजा. जोर वाढवू नका, वेळ वाढवा.

५. तेल धुऊन काढा. मगभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. नंतर साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, मग कोरड्याने. पाणी कडेच्या फटीत शिरू देऊ नका. एमडीएफ एकदा फुगला की पूर्ववत होत नाही.

६. तपासा. मोबाइलची बॅटरी शटरला जवळजवळ टेकवून तिरकी धरा. समोरून न दिसणारा उरलेला गम तिरक्या प्रकाशात दिसतो. स्वच्छ बोट फिरवून पाहा; ते मध्येच अडलं तर तिथे गम आहे.

तेलाला दोन अपवाद आहेत. संगमरवरावर आणि इतर सच्छिद्र दगडांवर तेल मुरतं आणि त्याचाच डाग पडतो. एमडीएफ किंवा लाकूड जिथे उघडं पडलं आहे तिथेही तेल लावू नये.

तेलाने भागलं नाही तर

आता पृष्ठभागानुसार वाटा वेगळ्या होतात. काहीही वापरण्याआधी शटरच्या आतल्या बाजूला किंवा बिजागरीजवळ, त्याच फिनिशवर, नाण्याएवढ्या जागेत लावून पाहा आणि शक्यतो एक दिवस थांबा. द्रव नेहमी फडक्यावर घ्या, शटरवर थेट ओतू किंवा फवारू नका.

काच, सनमायका आणि लादी यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल बिनधास्त चालतं. व्हिट्रिफाइड लादीवरची लक्ष्मीची पावलं किंवा रांगोळीची स्टिकरं काढल्यावर राहणारा गम याने लवकर सुटतो. काचेवर आणि लादीवर ॲसिटोनही चालतं.

पूर्ण वाळलेल्या पीयूवर आणि ॲक्रिलिकवर रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन थोडंसं फडक्यावर घेऊन पुसता येतं. लगेच साबणाच्या पाण्याने धुऊन टाका, मुरत ठेवू नका. इथे एक धोका आहे. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन आणि थिनर शेजारीशेजारी ठेवलेले असतात, बाटल्या सारख्याच दिसतात, आणि ‘रंग पुसायला हवंय’ म्हटलं की कुठलंही एक हातात पडतं. थिनर ॲक्रिलिकला विरघळवतं. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय घरी आणू नका.

डब्ल्यूडी-४० बऱ्याच घरांत असतं आणि गमवर चांगलं काम करतं. पण पॉलिकार्बोनेट आणि पारदर्शक पॉलिस्टायरीनवर ते वापरू नये, असं उत्पादकच सांगतो. संत्र्याच्या सालीच्या तेलावर आधारलेले लेबल रिमूव्हर मिळतात; तेही प्लास्टिकवर फार वेळ ठेवू नयेत.

अल्कोहोल, ॲसिटोन, टर्पेंटाइन यांपैकी काहीही वापरताना गॅसचा रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, आणि देवघरातलं निरांजन किंवा उदबत्ती विझलेली आहे ना, ते पाहा. भिजलेली फडकी केराच्या डब्यात कोंबू नका. गॅलरीत उघडी वाळवा, मगच टाका.

फोमची टेप, फेविक्विक आणि सुताराचा गम

फोमच्या डबल टेपने चिकटवलेला हूक उपटू नका. पीयूचा रंग त्याच्याबरोबर येऊ शकतो. ड्रायरची ऊब द्या आणि शिवणाचा मजबूत दोरा दुहेरी करून हुकाच्या मागे, फोममधूनच, करवतीसारखा मागेपुढे ओढा. फोम मधोमध कापला जातो. शटरवर उरलेला भाग बोटाने वळून, मग तेल लावून काढा. हा गम साध्या लेबलच्या गमपेक्षा चिवट असतो. दोन-तीन फेऱ्या लागतील हे धरूनच बसा.

फेविक्विकचा थेंब ॲसिटोनने सुटतो, म्हणून काचेवर आणि लादीवर प्रश्न नाही. ॲक्रिलिकवर पडला असेल तर त्याला हात न लावलेला बरा. त्यावर घरगुती उपाय नाही. शटर बनवणाऱ्याला बोलावून बफिंग करता येतं का ते विचारा.

नव्या फर्निचरच्या कडांना पिवळसर, रबरी ओघळ दिसतात तो सुताराचा कॉन्टॅक्ट गम. ताजा असेपर्यंत बोटाने वळून निघतो, म्हणून काम चालू असतानाच सांगा. वाळल्यावर सुतार हमखास थिनरचं फडकं मारतो. सनमायकावर ते खपून जातं, तरी कडेतून आत गेलेलं थिनर एजबँडचा गम सैल करतं. ॲक्रिलिकच्या शटरला थिनरचं फडकं लावायचं नाही, हे काम सुरू होण्याआधीच बजावून ठेवा.

संरक्षक फिल्म: ठेवू नका, काढा

‘राहू दे, तेवढंच खराब होणार नाही’ म्हणून फिल्म ठेवली जाते. ती वाहतुकीपुरती आणि बसवण्यापुरती असते. ऊन आणि शेगडीची धग लागली की तिचा गम पृष्ठभागाला घट्ट धरतो आणि फिल्म कडक होऊन तुकडे पडतात. सगळं काम संपलं, लादी-रंगाची धूळ बसली, की पहिल्याच आठवड्यात ती काढा.

ॲक्रिलिकची फिल्म काढल्यावर पृष्ठभाग सुरुवातीला जरा मऊ असतो. लगेच कोरडं फडकं जोरात फिरवू नका. साबणाच्या सौम्य पाण्याने हलकेच पुसा आणि काही दिवस घासणं टाळा.

शेगडीजवळचा पिवळट चिकटपणा

हा गम नसतो. फोडणीच्या तेलाची वाफ शटरवर बसते, हवेने आणि उष्णतेने घट्ट होते आणि त्यावर धूळ धरते. यावर कोमट साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं अंथरून ठेवा आणि मग पुसा, असं तीन-चार वेळा. चिमणी साफ करायची कॉस्टिकची द्रव्यं शटरवर वापरू नका. ती ॲल्युमिनियमच्या हँडलला काळवंडून टाकतात. घरकामात मदत करणाऱ्या ताई किंवा मावशींना वेगळं मऊ फडकं द्या आणि त्यामागचं कारणही सांगा. त्यांच्या हाती हिरवी घासणी आपणच देतो.

डाग गेला तरी खूण दिसते

बोट अडत नाही, तरीही स्टिकरचा आकार दिसतो. म्हणजे भोवतालचा रंग उन्हाने उतरला आहे आणि स्टिकरखालचा तसाच राहिला आहे. हा डाग नव्हे, तो कशानेही पुसला जाणार नाही. घासत बसलात तर उरलेली चकाकीही जाईल.

चकाकी खरोखरच गेली असेल तर पीयू आणि ॲक्रिलिक जाणकार कारागिराकडून बफ करून बरंच सुधारतं. सनमायकाचा वरचा थर अतिशय पातळ असल्यामुळे तो बफ होत नाही, पत्रा बदलावा लागतो.

नुकसान दुसऱ्याने केलं असेल तर

बसवणाऱ्या माणसाने थिनर मारून शटर खराब केलं, ॲक्रिलिक सांगून दुसरंच काही दिलं, किंवा फिल्म निघतच नाही अशी शटरं बसवली, तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींसाठी दाद मागता येते.

- तिरक्या प्रकाशात फोटो काढा आणि लगेच लेखी कळवा. व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालतो. दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्या.
- दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा.
- तरीही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच दाखल होते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठे आहे याने फरक पडत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

मात्र तुम्ही स्वतः ॲसिटोन लावून शटर बिघडवलं असेल, तर वॉरंटीत ते बसण्याची अपेक्षा धरू नका. देखभालीच्या सूचना पाळण्याची अट बहुतेक वॉरंटींमध्ये असते.

ज्यांच्याकडे सध्या किचनचं काम चालू आहे, त्यांना एक आग्रहाची विनंती. शेवटचा हप्ता देण्याआधी एका शटरवरची फिल्म स्वतःच्या हाताने काढून बघा, आणि त्या फिनिशचं नाव व कंपनी पक्क्या बिलावर लिहून घ्या.